परवलीचा शब्द (संगणक)

परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड, म्हणजे एखाद्या संगणकीय खात्यात प्रवेश करू इच्छिणारी व्यक्ती ही त्या खात्याची खरी धारक आहे, हे पडताळण्यासाठी वापरली जाणारी गुप्त अक्षरमाला होय. हा शब्द मूळचा लष्करी पहाऱ्यातील आहे. छावणीत रात्री येणाऱ्याने पहारेकऱ्याला ठरलेला खुणेचा शब्द सांगावयाचा आणि तो जुळल्यासच आत जावयाचे, अशी ती रीत होती. संगणकाच्या संदर्भात तत्त्व तेच राहिले, मात्र एक महत्त्वाचा फरक पडला. पहारेकऱ्याला येणाऱ्याचा चेहरा व आवाजही पारखता येत असे. संगणकाला केवळ अक्षरे दिसतात. ती अक्षरे ज्याच्याजवळ आहेत, तो संगणकाच्या लेखी खातेदारच ठरतो.

बँक, भविष्य निर्वाह निधी, शिष्यवृत्ती, रेल्वेचे आरक्षण, जमिनीचे अभिलेख आणि ई-मेल या सर्व सेवा आता खात्यांवर चालत असल्यामुळे परवलीच्या शब्दाची निवड व जपणूक हा केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणावरून त्याची व्याप्ती पुढे स्पष्ट केली आहे.

इतिहास

संगणकावर परवलीच्या शब्दाचा वापर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील 'सीटीएसएस' या प्रणालीत १९६० च्या दशकाच्या आरंभी झाला. एकच संगणक अनेक जण वाटून घेत असल्याने प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवण्यासाठी फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने ही सोय केली. ती फार काळ अभेद्य राहिली नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने संगणकावरील आपला ठरावीक वेळ अपुरा पडतो म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाइल छापून घेतली. १९६६ मध्ये तर एका चुकीमुळे हीच फाइल प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर स्वागतसंदेश म्हणून झळकली. दोन्ही प्रसंगांत कोणाचाही शब्द ओळखावा लागला नाही, कारण सगळे शब्द जसेच्या तसे साठवलेले होते.

यावर उपाय म्हणून शब्दाऐवजी त्याचा 'हॅश' साठवण्याची पद्धत आली. हॅश म्हणजे शब्दावर गणिती प्रक्रिया करून मिळणारी, उलट दिशेने सोडवता न येणारी ठरावीक लांबीची खूण. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीविषयीच्या निबंधात या हॅशमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळी यादृच्छिक भर, म्हणजे 'सॉल्ट', मिसळण्याची पद्धत मांडली. त्यामुळे दोन व्यक्तींचा शब्द एकच असला तरी साठवलेली खूण वेगवेगळी दिसते. निबंध प्रसिद्ध होऊन तीन दशके उलटल्यावरही मोठ्या कंपन्यांनी ही खबरदारी घेतलेली नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख परवलीचे शब्द उघड्या स्वरूपात चोरीस गेले. त्यांतील सर्वाधिक वापरलेला शब्द '१२३४५६' हा होता. २०१२ मध्ये लिंक्डइनच्या खात्यांचे सॉल्टविरहित हॅश बाहेर आले. या चोरीची खरी व्याप्ती ११ कोटींहून अधिक खात्यांची होती, हे २०१६ मध्ये उघडकीस आले.

चोरीस गेलेल्या या याद्या हल्लेखोरांचा शब्दकोश बनल्या आहेत. लोक प्रत्यक्षात कोणते शब्द निवडतात, हे आता अनुमानाने ठरवावे लागत नाही.

शब्द कसा फुटतो

परवलीचा शब्द हस्तगत करण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकावरील उपाय वेगळा आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास एका धोक्यावरील उपाय दुसऱ्यासाठी वापरला जातो.

पहिला मार्ग अंदाजाचा. चोरलेल्या हॅशवर हल्लेखोर स्वतःच्या संगणकावर कितीही प्रयत्न करू शकतो. कमकुवत पद्धतीने साठवलेल्या हॅशवर सेकंदाला १,००० कोटी अंदाज तपासणे आजच्या यंत्रांना कठीण नाही. हा वेग धरल्यास भारतातील दहा अंकी मोबाइल क्रमांक परवलीचा शब्द म्हणून अर्ध्या सेकंदाच्या आत सापडतो. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे एकूण संभाव्य क्रमांक ४०० कोटीच आहेत. शंभर वर्षांतील जन्मतारखा सुमारे ३६,५२५ भरतात. 'एमएच १२' या पुणे कार्यालयाच्या वाहन क्रमांकात पुढे दोन अक्षरे व चार अंक धरले तर सुमारे ६७ लाख ६० हजार शक्यता होतात. गाव आणि पिनकोड यांची जोडी, उदाहरणार्थ शिरूर व ४१२२१० किंवा दौंड व ४१३८०१, लांबीला पुरेशी वाटते. प्रत्यक्षात टपाल खात्याची यादी हाती असलेल्याला ती सहज मिळते. देवतांची व व्यक्तींची भारतीय नावे, त्यांच्यापुढे '१२३' किंवा जन्मवर्ष, हे नमुनेही फुटलेल्या याद्यांत विपुल आहेत.

दुसरा मार्ग पुनर्वापराचा. एका संकेतस्थळावरून फुटलेली ई-मेल व परवलीच्या शब्दाची जोडी हल्लेखोर इतर शेकडो ठिकाणी यंत्राद्वारे लावून पाहतात. येथे शब्द कितीही बळकट असला तरी उपयोग होत नाही, कारण तो ओळखावा लागतच नाही. खरेदीच्या एखाद्या दुर्लक्षित संकेतस्थळावर व बँकेत एकच शब्द ठेवणाऱ्याची बँक त्या संकेतस्थळाइतकीच सुरक्षित असते.

तिसरा मार्ग फसवणुकीचा. बनावट संकेतस्थळ, बँकेच्या नावाने आलेला दूरध्वनी किंवा मोबाइलवर दुसऱ्याला ताबा देणारे ॲप यांत खातेदार स्वतःच शब्द सांगतो अथवा टंकित करतो. चौथा मार्ग सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रणेतील घुसखोरीचा. त्याचे ठळक उदाहरण पुण्यातीलच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये लंपास झाले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरकाव करून आणि बनावट कार्डे वापरून अनेक देशांतून या रकमेचा मोठा भाग काढण्यात आला. ठेवीदारांचे परवलीचे शब्द या हल्ल्यात लागलेच नाहीत. खातेदाराची दक्षता कोठे संपते व संस्थेची जबाबदारी कोठे सुरू होते, हे त्यातून दिसते.

बळकटीचे गणित

शब्दाचे बळ तो किती चमत्कारिक दिसतो यावर अवलंबून नसून तो किती शक्यतांतून यादृच्छिकपणे निवडला गेला यावर अवलंबून असते. इंग्रजी लिपीतील आठ लहान अक्षरे यादृच्छिक निवडली तर सुमारे २०,८८३ कोटी शक्यता होतात. वरील वेगाने त्या २१ सेकंदांत संपतात. कळफलकावरील सर्व ९५ चिन्हे वापरून आठ स्थाने भरली तर साधारण पावणेआठ दिवस लागतात. बारा लहान अक्षरांना मात्र ११० दिवस लागतात. चिन्हांचे वैविध्य वाढवण्यापेक्षा लांबी वाढवणे अधिक लाभदायक ठरते, ते असे.

यावरून शब्दमालेची, म्हणजे पासफ्रेजची, कल्पना पुढे आली. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या 'डाइसवेअर' पद्धतीत फासा पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडतात. असे पाच शब्द घेतल्यास वरील वेगाने सर्व शक्यता तपासण्यास सुमारे ९० वर्षे, तर सहा शब्दांस सुमारे ७ लाख वर्षे लागतात. मराठीतही हीच पद्धत वापरता येते. पाठ्यपुस्तकातून १,००० वेगवेगळे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून डब्यातून सात वेळा चिठ्ठी काढली, आणि काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकली, तर त्याच वेगाने ३,००० वर्षांहून अधिक काळ लागेल. 'उंबरा कात्री पाऊस वजन जिना ढग बोरू' अशी माला डोळ्यांसमोर चित्र उभे करून लक्षात ठेवता येते. ही विशिष्ट माला येथे छापली गेल्यामुळे अर्थातच निरुपयोगी झाली आहे.

शब्द नशिबाने पडलेले असावेत, मनाने निवडलेले नसावेत, ही या पद्धतीची अट आहे. ती बहुतेकांकडून मोडली जाते. चिठ्ठीत न आवडणारा शब्द आला म्हणून तो बदलला की शक्यता कमी होतात. प्रसिद्ध अभंगाची ओळ, म्हण किंवा चित्रपटगीताचा मुखडा लांब असतो, पण तो आधीच कोठेतरी छापलेला असल्याने हल्लेखोराच्या यादीत सहज येऊ शकतो.

नियमांतील बदल

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतून मोठे अक्षर, अंक व चिन्ह सक्तीचे करणे आणि शब्द ठरावीक मुदतीने बदलणे हे नियम जगभर रूढ झाले. त्या भागाचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. लोक पहिले अक्षर मोठे करतात, शेवटी '१' व उद्गारचिन्ह लावतात आणि मुदत संपली की '१' चे '२' करतात, असा अनुभव आला होता. त्याच वर्षीच्या सुधारित मार्गदर्शिकेने मिश्रणाची सक्ती व मुदतबंद बदल दोन्ही वगळून लांबीवर आणि फुटलेल्या शब्दांच्या यादीशी ताडून पाहण्यावर भर दिला. २०२५ च्या आवृत्तीत केवळ परवलीच्या शब्दावर चालणाऱ्या खात्यासाठी किमान १५ अक्षरे ठरवण्यात आली. शब्द फुटल्याचा संशय आल्यास तो तत्काळ बदलावा, हा नियम पूर्वीप्रमाणेच कायम आहे.

भारतातील अनेक शासकीय व बँकांच्या संकेतस्थळांवर मात्र अद्याप जुनेच नियम दिसतात. काही ठिकाणी कमाल लांबीवर मर्यादा असल्यामुळे शब्दमाला बसत नाही. अशा वेळी व्यवस्थापक ॲपने तयार केलेला, परवानगी असेल तितक्या लांबीचा यादृच्छिक शब्द वापरणे हाच मार्ग उरतो.

देवनागरी लिपीतील परवलीचे शब्द

देवनागरीतील परवलीचा शब्द तत्त्वतः शक्य आहे, परंतु त्यात मराठी लेखनाशी निगडित अशा अडचणी आहेत. पडद्यावर सारखे दिसणारे अक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवले जाऊ शकते. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र युनिकोड चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच 'अ' ला चंद्र जोडूनही लिहिता येते. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतील रफाराचे मराठी रूप 'ऱ' पासूनही घडते आणि 'र' ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावूनही घडते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण हॅश पूर्णपणे वेगळा येतो. घरच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलकाने ठेवलेला शब्द मोबाइलवरील लिप्यंतर कळफलकाने टंकित केल्यास 'चुकीचा शब्द' असा संदेश येण्याची शक्यता यामुळे निर्माण होते.

दुसरी अडचण साठवणुकीची आहे. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'बीक्रिप्ट' ही हॅशपद्धत ७२ बाइटांपर्यंतचाच मजकूर विचारात घेते. म्हणजे देवनागरीची २४ चिन्हेच मोजली जातात व त्यापुढील मजकूर दुर्लक्षिला जातो. शिवाय अनेक संकेतस्थळे इंग्रजी लिपीखेरीज काहीच स्वीकारत नाहीत. म्हणून मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याचा मार्ग व्यवहारात सोयीचा पडतो. त्यातही 'पाऊस' मधील दीर्घ 'ऊ' एका अक्षराने लिहावयाचा की दोन, हे आरंभीच ठरवून घ्यावे लागते.

शिरूर व दौंड तालुक्यांतील संदर्भ

भीमा नदीच्या दोन बाजूंना असलेल्या या तालुक्यांत शेती, सहकारी बँका व साखर कारखाने यांबरोबरच रांजणगाव (शिरूर) आणि कुरकुंभ (दौंड) येथील औद्योगिक वसाहती आहेत, तर दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. त्यामुळे एकाच कुटुंबात 'महाडीबीटी' वरील शिष्यवृत्तीचे किंवा कृषी योजनेचे खाते, 'आपले सरकार' चे खाते, कारखान्यातील नोकरीमुळे मिळालेला भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, रेल्वे आरक्षणाचे खाते आणि बँकेचे ॲप असे पाच-सहा परवलीचे शब्द सहज जमा होतात. घरात स्मार्टफोन एकच असेल, तर ही सर्व खाती एका क्रमांकावर व बहुधा एका शब्दावर येऊन ठेपतात.

येथे शहरी मार्गदर्शिकांत फारसा न आढळणारा एक प्रश्न उद्भवतो. ग्रामीण भागात अनेक अर्ज सेवा केंद्रातून अथवा झेरॉक्स व इंटरनेटच्या दुकानातून भरले जातात आणि खाते उघडताना परवलीचा शब्द केंद्रचालक ठरवतो. कामाच्या सोयीसाठी सर्व ग्राहकांना एकाच साच्यातील शब्द दिला गेल्यास, म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे व एखादा ठरलेला अंक अशा प्रकारचा, एकाचा शब्द माहीत असलेल्यास दुसऱ्याचा ओळखता येतो. ब्राउझरने तो शब्द जतन केला तर पुढे त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही तो उपलब्ध होतो. यात केंद्रचालकाचा हेतू वाईट असण्याची गरज नसते. नुकसान अर्जदाराचेच होते, मग ते शिष्यवृत्तीच्या अर्जातील बँक खाते बदलले जाण्याचे असो किंवा पुढील वर्षी नूतनीकरणाच्या अंतिम दिवशी खातेच न उघडण्याचे असो. अर्ज भरून झाल्यावर त्याच दिवशी स्वतःच्या मोबाइलवरून शब्द बदलणे, केंद्रातील संगणकावर 'जतन करा' या सूचनेस नकार देणे आणि नोंदणीत केंद्रचालकाचा नव्हे तर स्वतःचाच मोबाइल क्रमांक व ई-मेल देणे, या तीन गोष्टींनी हा धोका बराच टळतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण विसरलेला शब्द परत मिळवण्याची वाट त्याच क्रमांकावरून जाते.

औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या बाबतीत मोबाइल क्रमांक बदलणे हे अडचणीचे मोठे कारण ठरू शकते. सार्वत्रिक खाते क्रमांक २०१४ पासून अस्तित्वात असून नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. मोबाइल क्रमांक मात्र रिचार्जअभावी बंद पडतो व किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. जुन्या क्रमांकावर जोडलेल्या खात्यांचे संकेतांक त्यानंतर अनोळखी व्यक्तीकडे जातात. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी आधार, बँक व निधी या तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवणे परवलीच्या शब्दाइतकेच निकडीचे आहे. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणासाठीही जुलै २०२५ पासून आधार-प्रमाणित खाते व मोबाइलवरील संकेतांक आवश्यक झाला आहे.

साठवण व व्यवस्थापन

प्रत्येक खात्यास वेगळा शब्द ठेवावयाचा तर ते सर्व लक्षात राहणे अशक्य आहे. त्यासाठी परवलीचे शब्द सांभाळणारी व्यवस्थापक ॲप्स वापरतात. 'कीपास' (२००३) हे मुक्त स्रोत ॲप शब्दांचा कूटबद्ध साठा स्वतःच्या यंत्रावर ठेवते, तर 'बिटवॉर्डन' (२०१६) तो अनेक यंत्रांवर उपलब्ध करते. अँड्रॉइड व आयफोन यांतही अशी अंगभूत सोय आहे. व्यवस्थापकाचा एक मुख्य शब्द, ई-मेलचा शब्द आणि मोबाइलचे कुलूप एवढेच मग लक्षात ठेवावे लागते. ई-मेलचा शब्द इतर कोठेही वापरू नये, कारण बहुतेक खात्यांचे शब्द ई-मेलवरूनच नव्याने ठरवता येतात.

कागदावर लिहून ठेवणे सर्रास निषिद्ध मानले जाते, ते सर्वस्वी योग्य नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच बळकट शब्द निवडून तो कागदावर लिहून पाकिटात जपण्याची शिफारस केली होती. दूरदेशीच्या हल्लेखोराला घरातील कपाट उघडता येत नाही. ज्येष्ठ व्यक्तींसाठी कपाटातील वही हा एकच शब्द सर्वत्र वापरण्यापेक्षा निश्चित चांगला पर्याय आहे, आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांना खात्यांचा ठावठिकाणा कळण्यासही ती उपयोगी पडते. हीच वही मोबाइलच्या आवरणात किंवा एटीएम कार्डाला चिकटवलेल्या चिठ्ठीच्या रूपात असेल, तर मात्र ती चोराच्या हाती कार्डासह जाते.

आपला शब्द फुटलेल्या याद्यांत आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेवर पाहता येते. तेथे पूर्ण शब्द पाठवला जात नाही. त्याच्या हॅशची पहिली पाच चिन्हे पाठवली जातात व उरलेली जुळणी वापरकर्त्याच्या यंत्रावर होते.

दुसरा घटक

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या व्यवहारांसाठी अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली. त्यातून एकवेळ वापरावयाचा संकेतांक (ओटीपी) भारतात घरोघरी परिचित झाला. लघुसंदेशाने येणारा संकेतांक सिमकार्डाच्या फसव्या बदलीने किंवा फोनवरून विचारून मिळवता येतो. यंत्रावरच दर ३० सेकंदांनी नवा संकेतांक बनवणारी ॲप्स त्याहून बरी, परंतु बनावट संकेतस्थळावर तोही टंकित होऊ शकतो. २०२२ मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी पाठिंबा जाहीर केलेली 'पासकी' ही पद्धत हा दोष दूर करते. तीत गुप्त किल्ली यंत्रातच राहते आणि ती ज्या संकेतस्थळासाठी बनवली त्याखेरीज इतरत्र चालत नाही. सांगण्यासारखे काही नसल्याने फोनवरून काढून घेण्यासारखेही काही उरत नाही.

कायदा व दायित्व

दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०११ च्या नियमांनी परवलीच्या शब्दाचा समावेश संवेदनशील वैयक्तिक माहितीत केला.

खातेदाराच्या दृष्टीने रिझर्व्ह बँकेची ६ जुलै २०१७ ची सूचना अधिक महत्त्वाची आहे. सहकारी बँकांसाठी अशीच सूचना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाली. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा घटनेत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर काहीही दायित्व राहत नाही. चार ते सात दिवसांत केल्यास ते मर्यादित राहते. ग्राहकाने स्वतः परवलीचा शब्द किंवा संकेतांक दुसऱ्यास सांगितला असेल, तर तक्रार नोंदवण्यापूर्वीचे संपूर्ण नुकसान त्याचेच धरले जाते व त्यानंतरचे बँकेचे. म्हणून फसवणूक लक्षात आल्यावर घरच्यांशी सल्लामसलत करण्यात किंवा संकोचात गेलेला प्रत्येक तास खातेदाराच्या खर्चाने जातो. आर्थिक फसवणुकीची तक्रार बँकेकडे, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवता येते. शिरूर व दौंड ही दोन्ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या अखत्यारीत येतात. तक्रार करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आलेले संदेश जवळ असावेत. फसवणुकीचे संदेश रागाने अथवा भीतीने पुसून टाकले जातात, आणि तपासात नेमके तेच लागतात.